बाटलेला पाइप

कापूस फुटला की जिंतूरकडून सेलूला येणारा रस्ता पांढरा व्हायला लागतो. गाड्यांतून उडालेली पुंजकी दोन्ही बाजूंच्या बाभळींना अडकतात, आणि ज्या बाभळींनी जन्मात कुणाला मऊपणा दाखवला नाही त्या महिनाभर सशासारख्या दिसतात. हवेत सरकीचा तेलकट वास असतो. नाकात, भुवयांत, चहाच्या कपात, सगळीकडे तंतू. हंगाम संपेपर्यंत गावात कुणाचंच वय नीट कळत नाही, कारण सगळ्यांचेच केस पिकलेले असतात.

यंदा वजनकाट्याच्या पूजेला एक पुढारी आले होते. सकाळी येणार होते, उन्हं कलल्यावर आले. तोवर गाड्या हलवता येईनात, कारण पहिल्या गाडीच्या बैलांच्या गळ्यात हार होते आणि ते पुढाऱ्यांनी बघायचे होते. बैलांनी एकमेकांच्या गळ्यातले हार जमतील तेवढे खाल्ले. त्या दिवशीच्या कार्यक्रमात मला शहाणे वाटले ते तेवढेच. मग भाषण झालं. शेतकरी हा राजा आहे, असं पुढाऱ्यांनी सांगितलं. राजा उन्हात उभा होता आणि सांगणारे मांडवात बसले होते. त्यांच्या शेजारच्या एका गृहस्थांनी खिशातून पाइप काढला, न पेटवताच तोंडात धरला आणि फोटो निघेपर्यंत तसाच धरून ठेवला. पाइपचा हा मोठा गुण आहे. तो तोंडात असला की माणसाला विचार करावा लागत नाही. तो करतोच आहे असं लोक धरून चालतात.

मी एके काळी एक पाइप दुरुस्त केला होता. तो मात्र न पेटवता धरण्याच्या कामाचा नव्हता.

निजामी अंमल होता. मी सेलूच्या एका आडतीवर कारकून होतो. आडतीच्या अंगणात काटा, काट्यापुढं कडुलिंब, लिंबाच्या सावलीत कवडी, म्हणजे डागी कापूस निवडणाऱ्या बाया, आणि कोपऱ्यात चांदभाई नालबंद. चारठाण्यापासून, पेडगावपासून आलेल्या गाड्यांचे बैल तो दोरानं आडवे पाडी आणि त्यांच्या खुरांना पत्र्या मारी. बैल पडताना धप्प असा आवाज व्हायचा, मग लगेच हातोडीची किणकिण. आजही कुठं लोखंडावर लोखंड वाजलं की मला सरकीचा वास येतो.

चांदभाईकडं मोडक्या लोखंडाचा एक ढीग असायचा. त्या ढिगात तो पाइप सापडला. जिनिंगचं इंजिन चालू करून द्यायला दर हंगामाला एक गोरा फिटर यायचा, त्याचा. तो एका वर्षी गेला तो परत आलाच नाही, आणि त्याच्या खोलीतलं सामान फुटकळ होत होत नालबंदापर्यंत पोचलं.

पाइपची अवस्था वर्णन करण्यासारखी नव्हती, म्हणून सविस्तर करतो. वाटीत काळा कोळसा जमून दगडासारखा घट्ट झालेला. करंगळीचं टोकही आत जात नव्हतं. वाटीचा काठ आपटून आपटून कुरतडल्यासारखा झालेला. दांड्याला केसाएवढी भेग. तोंडात धरायचा तुकडा चावून चावून फाटलेला. त्या फिटरला आमच्या मुलखाबद्दल काय वाटत असावं ते त्यावर दातांनी लिहिलेलं होतं. आणि धुराच्या वाटेत कुंभारमाशीनं मातीचं घर करून ते नीट बंद केलेलं.

"घेऊन जावा कारकूनसाब," चांदभाई म्हणाला. "हे लाकूड न्हाई, मुर्दा हाय. चुलीत घातला तर चूल बी वकंल."

मला तंबाखूचा शौक नव्हता. पण त्या पाइपबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती सांगायची तर आमच्या अमीनसाहेबांबद्दल सांगायला हवं.

अमीन म्हणजे पोलीस ठाण्याचा मुख्य. आमचे अमीनसाहेब डोक्याला दस्तार, कमरेला लखलखीत बकल असे बाजारातून निघत तेव्हा पुढं एक जवान चाले. त्याचं नाव लिंबाजी. त्याचं काम एवढंच, की बसलेल्यांना उठवणं. रिवाज असा होता, की साहेब दिसले की उठायचं, आणि हातात चिलीम असली तर ती पाठीमागं धरायची. विझवायला वेळ मिळत नसे. त्यामुळं साहेब बाजारातून जात तेव्हा दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या अदबशीर माणसांच्या पाठीमागून धूर निघत असे. साऱ्या गावाच्या शेपटीला आग लागल्यासारखं दिसे. साहेबांना ते फार आवडे.

फक्त तो फिटर उठत नसे. जिनिंगच्या दारात खुर्ची टाकून तो पाइप ओढत बसे, आणि उलट अमीनसाहेबच त्याला सलाम करून पुढं जात. सगळ्या सेलूत न विझणारा, न लपणारा धूर तेवढा एकच होता. मला तंबाखू नको होती. मला ते न लपवणं हवं होतं.

म्हणून मी तो मुर्दा घरी आणला.

मोडलेली वस्तू दुरुस्त करताना पहिले काही दिवस माणसाचं वस्तूशी भांडण चालतं. वाटीतला कोळसा मी चाकूच्या टोकानं खरवडायला घेतला. रोज थोडा निघे, काळा, चकचकीत, कडू वासाचा. तो वास हाताला जेवणापर्यंत राही. आई पानात भाकरी वाढताना नाक मुरडून म्हणायची, "इंजिनात हात घालून आलास का?" पुढं कळलं, की आतला थोडा थर राखायचा असतो, तो लाकडाला जपतो. मी पार लाकडापर्यंत गेलो. आमच्या घराण्यात कुठलंही काम अर्ध्यावर सोडायची पद्धत नाही, नको असलं तरी.

धुराची वाट सायकलच्या तारेनं मोकळी केली. माशीच्या घरातली माती निघाली, तिच्यामागं डांबरासारखा चिकट रस. तो काही केल्या सुटेना. कवडी निवडणाऱ्या बायांची मुकादमीण रंगूमावशी पेडगावची. पन्नाशीची, तोंडानं तिखट, चिलमीची भक्त. ती म्हणाली, "मीठ भरा त्यात, अन् वरून मोहाची वता. मीठ समदं वढून घेतं. माणसाचं बी घेतं, मंग चिलमीचं का न्हाई?"

तेव्हा मी, पंचांग बघून हजामत करणाऱ्या घरातला मुलगा, सरकारमान्य दुकानातून मोहाची दारू आणायला गेलो. तिन्हीसांजेपर्यंत सेलूला कळलं की कारकून पिऊ लागला. पाइपसाठी आणली असं सांगितलं तेव्हा लोकांना माझी दया आली. इतकं वाईट निमित्त कुणी ऐकलं नव्हतं. पण मीठ दुसऱ्या दिवशी तपकिरी झालं, तिसऱ्या दिवशी काळं, आणि मग एका सकाळी वाटीला नाक लावलं तर आतून कोळशाचा नव्हे, लाकडाचा वास आला. कुठल्यातरी दूरच्या डोंगरातलं, मी कधी न पाहिलेलं झाड. त्या वासानं मला जो आनंद झाला तो पुढं पुष्कळ मोठ्या गोष्टींनी झाला नाही.

तोंडाचा तुकडा चांदभाईनं बैलाच्या शिंगाचा करून दिला. पहिला त्यानं एवढा जाड केला की तोंडात धरल्यावर बोलता येईना. "मंग चांगलंच हाय की," रंगूमावशी म्हणाली. दुसरा बरा झाला. भेग पडली होती तिथं आवळायला काही हवं होतं. बैलाच्या शिंगाला पोळ्याला पितळी टोपण घालतात ना, शेंबी, तिचं एक कडं कापून त्यानं तापवून दांड्यावर चढवलं. बाहेरून मी राखेनं घासलं, करडईचं तेल चोळलं, पुन्हा घासलं. शेवटी लाकडाच्या आतून नदीच्या पाण्यासारख्या रेषा वर आल्या. विलायती पाइप आता आमच्या बैलासारखा दिसत होता. त्याला शिंग होतं आणि शिंगाला दागिना होता.

मग आम्ही तो पेटवला, आणि आमच्या पद्धतीनं पेटवला. चिलमीत तळाला खडा घालतात, म्हणून चांदभाईनं वाटीत खडा घातला. चिलमीवर निखारा ठेवतात, म्हणून रंगूमावशीनं वर चुलीतला निखारा ठेवला. बूड धरायला ओलं फडकं लागतं, छापी, म्हणून शिंगाच्या तुकड्याला छापी गुंडाळली, आणि मी मुठीतून असा झुरका घेतला की डोळ्यांपुढं सेलू स्टेशन आलं. थर खरवडलेली वाटी आतून जळायला लागली. धूर तंबाखूचा की लाकडाचा ते कळेना. पुन्हा सगळं विझवून, कोळशाची पूड गुळाच्या पाण्यात कालवून आतून लेप दिला, वाळवला. त्यानंतर तो पाइप नीट चालला. कायम जळक्या गुळाचा वास मात्र यायचा. फिटर आला असता तर त्यानं ओळखला नसता. आम्हीही निखारा सोडला नाही.

इथवर ही एका हौसेची गोष्ट आहे. आता त्या हंगामात खरं काय चाललं होतं ते.

कापसाचा भाव तेव्हा रुमालाखाली ठरायचा. आडत्या आणि खरेदीदार दोघं हातावर रुमाल टाकत आणि खाली बोटं दाबत. बोटांत काय ठरलं ते कापूस पिकवणाऱ्याला दिसत नसे. त्याला फक्त रुमाल दिसे. मी कारकून होतो, मला रोज रुमाल दिसत होता. आणि मला वाचता येत होतं. अकोल्याहून जिनिंगचे सुटे भाग यायचे, त्यांच्याभोवती मराठी वर्तमानपत्रं गुंडाळलेली असायची. त्यात तिकडचे भाव असत, तिकडच्या सभा असत, आणि मुख्य म्हणजे ते सगळं मराठीत असे. आमच्याकडं कचेरीची भाषा वेगळी, कोर्टाची तीच, शाळेचीही तीच. आपल्या भाषेत छापलेलं मोठ्यानं वाचलेलं ऐकलं की गाडीवाले माना वळवत, कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखे.

मी वाचायचो. कागद शिळा असे आणि अर्धा तेलानं भिजलेला. रंगूमावशी विचारी, "मंग पुढं?" मी म्हणे, "पुढं तेल आहे."

पण चार माणसं जमून काही वाचायचं तर परवानगी लागे. सभेला परवानगी, वाचनालयाला परवानगी, आखाड्याला परवानगी. मी अर्ज केला असता तर तो हैदराबादला गेला असता आणि तिथल्या हवेत रमला असता. तंबाखूला मात्र परवानगी लागत नव्हती. ओढायला बसलेल्या माणसांना जमाव म्हणण्याचं अजून सरकारला सुचलं नव्हतं. तेव्हा ठरलं, की मध्ये धूर पाहिजे.

अडचण धुराची नव्हती, चिलमीची होती. चिलमीला जात असते. ती कुठून निघते आणि कुणापाशी थांबते यावरून गाव समजतं. लिंबाखाली चारठाण्याचे एक पाटील असत, मांगवाड्यातला किसन हमाल असे, चांदभाई, रंगूमावशी, मी. असल्या वर्तुळात चिलीम फिरत नाही. आणि चिलीम फिरत नसेल तर ही माणसं कशाला बसली आहेत, हे लिंबाजीलाही कळलं असतं.

मी पाइप मध्ये ठेवला. पाटलांनी हात मागं घेतला.

"गोऱ्या साहेबाच्या तोंडातली चिलीम? अन् ती किसनाच्या हातून?"

रंगूमावशी हसली. "पाटील, जे बाटायचं ते विलायतंतच बाटलंय. आता तुमच्या तोंडानं ती काय अजून बाटती, का किसनाच्या हातानं? ही एकच चिलीम हाय जिला जात न्हाई. वढा, न्हाईतर गप बसून ऐका."

"ऐकताना हात मोकळे असले की मला करमत न्हाई," पाटील म्हणाले, आणि ओढली.

माणसं समतेवर भाषणं देतात तेव्हा मला ते वाक्य आठवतं. आमच्याकडं पाटील आणि हमाल शेजारी बसले ते मनं शुद्ध झाली म्हणून नव्हे. मध्ये ठेवलेली वस्तू पुरेशी अशुद्ध होती म्हणून. मला ते कारण कमी प्रतीचं वाटत नाही. शुद्धतेनं आम्हांला कधी एका सावलीत बसू दिलं नव्हतं.

हंगामभर तसं चाललं. सकाळचं कोवळं ऊन, दव पडलेला कापूस वाळवायला पसरलेला, किसनाच्या पाठीवरून पोतं पडल्याचा आवाज, जळक्या गुळाचा धूर, आणि मी वाचतोय. अकोल्याला भाव काय आहे ते ऐकून पेडगावच्या एका गाडीवाल्यानं आडत्याच्या हातावरचा रुमाल चारचौघांत उचलला. खाली नुसती दोन हातांची बोटं होती, पण अंगणात असा सन्नाटा झाला की जणू कुणाचं धोतर सुटलं.

त्यानंतर कुणीतरी ठाण्यात कळवलं. आमच्या आडतीच्या शेठजींनी, असं मी म्हणत नाही. शेठजी फक्त मला म्हणाले होते, "कारकून, तुमचा आवाज फार लांब जातो."

अमीनसाहेब आले ते भर सकाळी, काटा चालू असताना. लिंबाजी पुढं. "उठा, उठा!" पाटील उठले, किसन उठला, मी उठलो. पाइप रंगूमावशीच्या हातात होता आणि ती बसलेली होती.

"ये क्या मजमा है?" साहेबांनी मला विचारलं.

"मजमा नाही हुजूर. तंबाखू."

"इतके आदमी एका चिलमीला?"

"हुजूर, गरिबी आहे."

साहेबांनी पाइप पाहिला. तो त्यांनी ओळखला असावा, कारण त्यांचा हात सलामासाठी अर्धा वर गेला आणि बकलापाशी थांबला. त्यामुळं ते जास्तच चिडले. "हमारे सामने? ठेव खाली. विझव."

आता सगळ्यांना कळलं की आपण कुठं सापडलो आहोत. विझवली तर मागं उरतात नुसती जमलेली माणसं आणि माझ्या हातातला कागद, म्हणजे मजमा, बेकायदा जमाव. चालू ठेवली तर बेअदबी. कोठडी दोन्हीकडं होती. मी कागदाची घडी केली, ती उघडली, पुन्हा केली.

रंगूमावशीनं एक झुरका घेतला. घाई केली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "इझवली तर मजमा व्हईल. मंग तुमालाच लय तरास. लिवा, पंचनामा करा, परभनीला धाडा. त्यापरीस जळायलीय तर जळू द्या की."

धूर सरळ वर गेला. कुणाच्याही पाठीमागून नव्हे, समोरून. अंगणातली किणकिण थांबली होती. चांदभाईनं बैल पाडला होता तो बैलसुद्धा मान वर करून बघत होता.

साहेबांनी लिंबाजीला पाइप जप्त करायला सांगितला. लिंबाजीनं तो घेतला, वाटीकडून घेतला, अगं आई म्हणून सोडला, मग आपल्या रुमालात गुंडाळला. रुमालातून धूर निघायला लागला. त्या धुरासकट मिरवणूक ठाण्याकडं निघाली. वळून साहेब म्हणाले, की उद्या इथं कुणी बसलेलं दिसलं तर आत घालीन, तंबाखू असो नसो.

संध्याकाळी शेठजींनीही सांगितलं. ते ओरडले नाहीत. उद्या लिंबाखाली दिसलास तर परवा काट्यावर दिसू नकोस, एवढंच.

माणसं विचारतात, भीती वाटली का. वाटली. परभणीच्या कोठडीतल्या ढेकणांबद्दल मी तेव्हा ऐकून होतो. पुढं त्यांची ओळखही झाली आणि आडतीची नोकरी पुन्हा कधी लागली नाही. पाइप मला परत मिळाला नाही. ठाण्यात कुणीतरी ओढत असेल, किंवा कुंभारमाशीला त्यात पुन्हा जागा झाली असेल. मला त्याचं वाईट वाटलं, पण एका गोष्टीचं आश्चर्य जास्त वाटलं. तो दुरुस्त करताना मी समजत होतो की मी न विझणारी वस्तू तयार करतोय. ती काढून घेतल्यावर लक्षात आलं की आम्ही हंगामभर तिच्यामागं लपलो होतो. धूर पाठीमागं न धरता तोंडासमोर धरला, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन लिंबाखाली गेलो. कुणी येईल असं वाटत नव्हतं. रंगूमावशी आली आणि बायांना तिनं जवळ बसवलं. किसन पोतं टाकून आला. चांदभाई हातोडी घेऊनच आला. पाटील सगळ्यांत शेवटी आले, उपरणं झाडून बसले आणि खिशातून स्वतःची चिलीम काढली.

"पेटवू का?" त्यांनी मला हळूच विचारलं. "सगळ्यांना देतो. किसनाला बी."

त्यांच्यासाठी ती केवढी गोष्ट होती ते मला कळलं. "राहू द्या, पाटील," मी म्हणालो.

मी वाचायला लागलो. तेवढ्यात लिंबाजी आला. हाताला फडकं बांधलेलं. आमच्याकडं बघितलं, मध्ये बघितलं. मध्ये काही नव्हतं.

"अवो, काय तरी पेटवा की," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "एक इडी तरी पेटवा. मी तंबाखू हाय म्हून सांगतो. साहेबाला काय सांगू मी?"

"तंबाखू नाही, लिंबाजी," मी म्हणालो. "बैठक आहे. जाऊन सांगा."